दुसरा गिअर

बारदान्यावर दोन गिअरबॉक्स.
डावीकडचा बाबांच्या डॉजचा, बावन्न सालचा,
तीन गिअर, झाकण काढलेलं,
आत काकवीसारखं काळं तेल.
उजवीकडचा नागपूरच्या भंगारातून आणलेला,
पाच गिअरचा, धुऊनपुसून
नव्या जावयासारखा बसलाय.

मधे गुणवंत मिस्त्री, उकिडवा, कानावर पेन्सिल.
"कापाले दहा मिनिटं लागते, बाई,
मंग जोडाले जन्म पुरत नाई.
इचार करून सांगा."

कापायचा तो गाडीच्या तळाचा पत्रा.
नवा दांडा खालून वर येणार,
सलग सीटच्या ऐन मधोमध.
मधे बसणाऱ्याचे गुडघे कुठं जातील?
आता मधे बसतं तरी कोण.

बाबा हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये ग्रेडर.
चिमटीत कापूस ओढून, डोळे मिटून
धाग्याची लांबी सांगायचे.
घरी निघताना सदऱ्याला चिकटलेली सरकीसुद्धा
फाटकात झटकून यायचे.
जिनिंग बंद पडलं तेव्हा
एकोणीस महिन्यांच्या पगाराऐवजी
मालकानं ही गाडी दिली.
आईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.
"हिला काय चारू?" एवढंच विचारलं.

दुसरा गिअर आला तोच निसटता.
दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी,
पट्टीवर माझा हात.
"धर पमे, सोडू नको."
नांदोरीपासून जामपर्यंत
मी धरून ठेवलेला असायचा,
आणि मला वाटायचं, गाडी मीच चालवतेय.

पुढच्या पोळ्यानंतर तो एकाएकी निसटायचा थांबला.
"आपोआप बसला जागेवर," बाबा म्हणाले.
मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

आता चाळीस वर्षांनी तो पुन्हा निसटतोय,
आणि माझा डावा खांदा आखडलाय,
भात वाढतानाही कळ येते.
पहिला तर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडत नाही,
घाई केली की आत कुणीतरी दात खातं.
पुण्याचा भाचा फोनवर सांगतो,
"मावशी, ओरिजिनल ठेव, ओरिजिनलला भाव आहे."
लोक तुपाबद्दल बोलतात तसा बोलतो तो.
शेजारचे वैरागडे म्हणतात,
गाडी चालायसाठी असते, पूजेसाठी नाही.
दोघांचंही खरं वाटतं
आणि दोघांचाही राग येतो.

गुणवंतनं तेलात हात घातला,
एक बूश काढला, पँटीला पुसला.
पिवळा.
"हे कंपनीचं नोहे, बाई.
पितळ हाय. लेथवर कोणीतरी काढेल हाय हातानं."
आतल्या बाजूला ठोकलेलं, अर्धं झिजलेलं:
जिनिंगच्या नावाचं पहिलं अक्षर, पुढं सात.

सात नंबरचं मशीन.
बंद फाटक, कुलूप, आणि आत कुठंतरी हे पितळ.
मागून घेतलं असेल.
किंवा रात्री, माझ्या झोपेत,
सरकी झटकणाऱ्या माणसानं
खिशात घातलं असेल.
कुणाला विचारू?
मूठ मिटली, तेल मनगटावर ओघळलं.

"हाच बसव," मी म्हणाले. "बूश नवा कर.
जुना माझ्याकडे राहू दे."
गुणवंतनं मान खाजवली.
"मंग ओरिजिनल काय राह्यलं?"
"तू तेल भर."
जरा थांबून हेही म्हटलं,
की तो पाचवाला इतक्यात विकू नकोस.
खांद्याचा भरवसा नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी
रेल्वेचं फाटक उघडलं.
पूर्ण थांबलेली गाडी.
पहिला.
मागं ट्रॅक्टरवाला हॉर्नवर बसलाय,
बसू दे.
दुसरा.
निसटला नाही.
हात तरी तिथंच.