रुजू दिनांक

बोकडे वकिलांनी दोन कागद आणले
एकाच फायलीत, एकाच पिनेला टोचून:
वर माझं मृत्युपत्र,
खाली नव्या कायद्याप्रमाणे
कामावरल्या माणसांची नियुक्तीपत्रं.
म्हणाले, सुमित्राबाई,
आता तोंडी काही चालत नाही.

छत्तीस वर्षं तोंडीच चाललं, वकीलसाहेब.
खाटकाचा भाव तोंडी, उधारी तोंडी,
'पराते सावजी' हे नावसुद्धा
नवरा तोंडीच ठेवून गेला.
पाटी मी नंतर रंगवून घेतली.

मृत्युपत्र सोपं निघालं.
गोळीबार चौकातला गाळा मुलाला,
कोराडी रोडचा प्लॉट मुलीला,
पाटल्या नातीला, तिचं लग्न होवो न होवो.
आणि मसाला? मी विचारलं.
वकिलांचा पेन थांबला.
स्थावर की जंगम, बाई?

मला सांगता येईना.
भिवापुरी मिरची मोजता येते,
खसखस, दगडफूल, जवसाचं तेल,
सगळ्याची माझ्याकडे वही आहे.
पण कांदा जळायच्या अलीकडे
जे एक मिनिट असतं
ते वहीत नाही.
माझ्या हातातून ते कधीचंच गेलं,
बिसनच्या मनगटात जाऊन बसलं.
ती ओळ आम्ही कोरी ठेवली.

मग खालचे कागद.
अकरा माणसं, मी बोटांवर मोजली,
एक बोट कमी पडलं.
वकील आवाज उतरवून म्हणाले,
अकराचे नऊ करता येतात.
आणि बिसन उइके,
त्याला आजची तारीख टाकून देऊ.
मुलाच्या डोक्यावर ग्रॅच्युइटी कशाला?
कायदा कागद मागतो बाई,
आठवण मागत नाही.

मी टेबलाची काच पुसत राहिले.
खोटं कशाला बोलू,
अर्ध्या महिन्याचा पगार गुणिले एकतीस
हा हिशेब मी मनात करून पाहिला.
आकडा मोठा होता.
काच स्वच्छ होती, तरी पुसली.

बिसन, मी हाक मारली. इकडे ये जरा.
आमच्याकडे कधीपासून आहेस तू?

तो फडक्याला हात पुसत आला.
तारीख मले काय मालूम, बाई.
मोर्चा आलता ना गोवाऱ्यांचा,
माणसं चेंगरून मेली थ्या दिवशी?
त्याच्या दोन दिवसांनं.
मी सौंसरवरून काम पाहाले आलो
अन् सारं शहर गप्प होऊन राह्यलं होतं.

वकिलांनी मोबाइलवर शोधलं.
तेवीस नोव्हेंबर, चौऱ्याण्णव.
एक दाखला मागायला आलेली माणसं,
मागे तारीख ठेवून गेली.

पंचवीस टाका, मी म्हणाले.

नाही बाई, बिसन म्हणाला,
पंचवीसले मी नुसता जेवलो.
खिशात पैसे नव्हते म्हणून भांडे घासले.
काम सव्वीसपासून.

वकील एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे.
चौकट एवढीशी, दोन आकडी.
जेवणाच्या बदल्यात घासलेल्या भांड्यांना
काय म्हणायचं,
हे त्यांच्या जाड पुस्तकात नसावं.

पंचवीस, मी पुन्हा म्हणाले.
किती भांडी होती ते मला आठवतं.
नि अकराचे अकराच राहू द्या.

बिसनने पेन धरला
झाऱ्या धरावा तसा, मुठीत.
सही शिकलाय तो, पोरीने शिकवली,
एकेक अक्षर मांडी घालून बसवतो.
तेवढ्यात आत कुणीतरी
तेलात कांदा सोडला होता,
त्याला माझ्याआधी वास आला.
अबे हलव ना, ओरडत
तो पेनसकट आत पळाला.

वकील दुसरा पेन शोधताहेत.
कागदावर आत्ता
'बिसन उ' एवढंच आहे.