तेरसेची भरती

घोड्याचं नाव सरपंच.
ठेवलं बाबांनी, चेष्टेनं,
आणि गावचा खरा सरपंच दोन महिने
आमच्या अंगणावरून गेला नाही.

आता धंदा मी बघते.
अलिबागच्या वाळूत, सुरूंच्या कडेनं
पन्नासात छोटी फेरी,
शंभरात किल्ल्याच्या अंगाला, खडकापर्यंत.
दोर माझ्या हातात. म्हणजे दिसायला.

बसणारे तोंडानं काहीही सांगतात.
सवय आहे म्हणतात, गावी होते आमच्याकडे.
सरपंच तोंडाकडे बघतच नाही,
तो मांड्या ऐकतो.
रिकिबीतली टाच किती थरथरते,
लगामावरची मूठ नेमकी कुणावर आवळली आहे,
श्वास पोटापर्यंत उतरतो की गळ्यातच अडतो,
सगळं त्याला खोगिराच्या कातड्यातून कळतं.
एक कान पुढे, समुद्राला,
एक कान मागे, बसणाऱ्याला.

वायशेतच्या त्या लग्नात
नवरदेवाच्या मांड्या लटपटत होत्या.
बँड पेटलेला, फटाके, मामालोक रस्त्यात लोळून नाचतायत
आणि हा पठ्ठ्या पाऊल टाकत होता
जसा डोक्यावर कुणी भरला हंडा दिलाय.
वरात गेली पुढे, घोडं राहिलं मागे.
करवल्या हसल्या. कुणी म्हणालं, म्हातारं झालंय, विका.
मांडवापाशी पोरगा उतरला
आणि नवरीच्या आधी
त्यानं घोड्याच्या मानेला हात लावला.

त्या माणसाचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

मार्गशीर्षातली तेरस.
तेराची पाऊणपट, पावणेदहाला पूर्ण भरती.
सहाच्या सुमाराला पाणी खडकांत शिरू लागलेलं,
किल्ल्यावरच्या घोडागाड्या केव्हाच परतलेल्या.
इस्त्रीचा शर्ट, पायात ऑफिसचे बूट.
म्हणाला, पाचशे देतो, एकट्याला जाऊ दे, दोर नको.
मला पाचशे दिसले.
बाबांचं औषध तेव्हा चारशे ऐंशीला होतं.
दोर सोडला.

गेले. किल्ल्याच्या दिशेनं, सरळ.
पाणी खुरांना, मग गुडघ्यांना.
मी हाका मारल्या, त्या वाऱ्यानं खाल्ल्या.
आणि मधल्या काळ्या खडकापाशी,
जिथून पुढे जायला तो दुपारी कधी नाही म्हणत नाही,
सरपंच उभा राहिला.
माणूस टाचा मारत होता, लांबून दिसत होतं,
लगाम ओढत होता, शिव्याही दिल्या असतील.
यानं शेपटीसुद्धा हलवली नाही.
लाट पोटाला लागली
तेव्हा वळला, आपल्या मनानं.
दुडकी नाही, रपेट नाही,
वायशेतच्या वरातीतली तीच चाल,
डोक्यावर भरला हंडा.

किनाऱ्याला लागले तेव्हा
माणसाचं तोंड आयाळीत होतं.
खारं पाणी दोघांच्याही अंगावर,
कुठलं समुद्राचं, मी विचारलं नाही.
उतरवून घेतला. बूट काठोकाठ भरलेले.
टपरीवर चहा पाजला,
त्यानं सोबतचं बिस्किट घोड्याला दिलं
आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून विचारलं,
याला थंडी वाजत नसेल ना?
पाचशे मी परत केले.
नाही, खोटं. तीनशे परत केले.

रात्री खरारा करताना
माझेच हात थांबेनात.
दोर सोडणारी मी.
सरपंचानं चंदीतून तोंड काढलं,
हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली,
ओली, हरभऱ्याच्या वासाची,
इतकी जड की मला वाकून उभं राहावं लागलं,
आणि हात थांबेपर्यंत
उचलली नाही.

मग पुन्हा चंदी.
अर्धी पाटी जास्तीची मागितली,
पाय आपटून.