नळाचा वार

नाव कौसाबाई रंगनाथ कासार.
वय चौऱ्याहत्तर, अंदाजे.
अंदाजे लिहायला जागा नव्हती.

शेजारी बसणाऱ्यानं उत्तर सुचवू नये,
म्हणून मी ओठ मिटून, टॅबलेट उशीला टेकवून,
कादराबादच्या आमच्या मधल्या खोलीत.

आज वार कोणता?
नळाचा, आई म्हणाली.
जालन्यात पाणी आठव्या दिवशी येतं,
ती त्यावरच मोजते.
पडद्यावर सातच वार होते.

पाच शब्द ऐका, मग सांगा.
खुर्ची, लिंबू, नदी, मखमल, शाळा.
खुर्ची आली. लिंबू आलं.
तिसऱ्याला अडली, आढ्याकडं बघितलं,
म्हणाली, कुंडलिका.
यंत्र वाट बघत राहिलं.

मग, लाल गोल दिसला की बोट ठेवा.
ती ठेवत होती. लगेच ठेवत होती, मी पाहिलं.
पण पन्नास वर्षं बायकांना बांगड्या भरून
बोटाची कातडी इतकी झिजलीय
की काचेला ती कळेना.
काचेला!
प्रतिसाद मंद, असं उमटलं.
तिनं बोट जिभेला लावलं, पुन्हा ठेवलं,
चिल्लर नोटा मोजायची तसं.

मी सूचना मोडली, तिचा हात धरून दाबला.
तिनं उलट माझंच मनगट पकडलं,
अंगठ्याखालचं हाड चाचपलं.
दोन-चार.
दिवाळीला दोन-सहा होतीस.
काय चाललंय गं तिकडं तुझ्या घरी?

मोरीत नळ फुरफुरला.
ती घागर घ्यायला उठली.
पडदा विचारत होता, आपण अजून आहात का,
खाली होय आणि नाही,
आणि माझं बोट
दोन्हीच्या मध्ये.