ड्रायर क्रमांक सात

डुलुथमध्ये जानेवारीच्या रात्री
सरोवर कण्हतं. बर्फ अंगावर येतो त्याच्या.
लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीला आठ भोकं,
वीस वर्षं आठांतून वाफ आभाळात जायची
आणि विटांना बर्फाच्या दाढ्या फुटायच्या.

"फुकट चाललीय," मी आर्व्होला म्हणाले.
आर्व्हो मालक. शब्दागणिक पैसे पडत असल्यासारखा बोलतो.
दोन दिवसांनी अंगणात पत्र्याचे नळ पडलेले दिसले
आणि पाडलेल्या शाळेच्या सतरा खिडक्या.
एका चौकटीवर कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं: डॅरेल.

वाफ आणि वाफा यांत एका कान्याचं अंतर.
ते बुजवायला आम्हाला सबंध ऑक्टोबर लागला.

तीन भिंती शाळेच्या, चौथी लॉन्ड्रीची.
फटींत जुन्या रजया कोंबलेल्या.
सात नंबरचा नळ मातीखालून नागमोडी जाऊन
पलीकडे बाहेर पडतो. सातच का,
तर तो वाजवीपेक्षा जास्त तापतो, लोक टाळतात त्याला.
नळाच्या तोंडाला माझा नायलॉनचा मोजा,
त्यात गावाच्या कपड्यांची राखाडी लव साठते.
दर शनिवारी मी ती उपसते.

मेथी टाकली, चाकवत, मुळा,
आणि हट्टाने अळूचा एक कंद,
सेंट पॉलच्या हमोंग बाजारातल्या बाईने
वर्तमानपत्रात बांधून दिलेला.

मग गिऱ्हाइकांना गोड बोलून सातकडे वळवायचं.
मंगळवारी बर्नाडेटच्या चार पोरांच्या चादरी:
माती दुसऱ्या पेरापर्यंत कोमट.
गोदीवरच्यांची जाड जाकिटं, तासभर तरी.
हॉकीवाल्या मुलांचे सदरे,
वास विचारू नका, पण मुळा त्यावरच पोसला.
मेथीला यातलं कुणी ठाऊक नाही.
मी निवडताना मात्र नावं घेते.

फेब्रुवारीत वादळ आलं. तीन दिवस रस्ते नव्हतेच.
कुणाला धुणं सुचणार?
काचघरातला काटा चाळीसवर, मग छत्तीस.
या देशात पाणी बत्तीसला गोठतं,
माझी बत्तिशी त्याआधीच वाजत होती.

वरच्या खोलीतून मी माझ्या धुतलेल्या चादरी आणल्या,
भिजवल्या, सातमध्ये घातल्या.
पेटीतली तीच नाणी पुन्हा पुन्हा आत टाकत राहिले,
स्वतःशीच खोटा व्यापार.
मग टॉवेल. मग साड्या, ज्या इथे कुणी नेसत नाही,
म्हणजे मीच.
पहाटे तीनला ओलं करायला काही उरलं नाही.

दार वाजलं. आर्व्हो, भुवयांवर बर्फ,
खांद्यावर पोतं, हातात फावडं.
"धुवायचंय," म्हणाला.

पोत्यात पडदे होते. पिवळे, सुती.
इस्त्रीच्या घड्या सुरीसारख्या,
अकरा वर्षांपूर्वी हिल्माने घातलेल्या,
त्याच्या घरी तिचा फोटोही नाही, पण हे होते.
मी त्याच्याकडे पाहिलं.
त्याने नाण्यांच्या फटीकडे पाहिलं.

पडदे आम्ही चारदा भिजवले, चारदा वाळवले.
बाकावर बसून सातची घरघर ऐकली.
तो एकदाच बोलला: "हा आवाज बेअरिंगचा आहे."

सकाळी अळू काळं पडून लोळलं होतं,
उकडलेल्या पानांसारखं.
कंद मी उकरून पाहिला नाही.
मुळा अर्धा गेला.
मेथी उभी. बावळट, हिरवीगार, जणू काही झालंच नाही.

एक काडी आर्व्होच्या हातावर ठेवली.
माती न झटकताच त्याने चावली.
"कडू," म्हणाला,
आणि हात पुन्हा पुढे केला.

पडदे त्याने चुरगळलेलेच बगलेत मारून नेले.

शनिवारी मोजा उपसला.
राखाडी, राखाडी, निळसर, राखाडी,
आणि मध्ये बोटभर जाडीचा
पिवळा थर.