महिदपूर, अर्ध्या टेबलावर

अर्धं टेबल शिप्रेला दिलंय.
उरलेल्या अर्ध्यावर आम्ही तिघं जेवतो,
कोपरं आवळून.
आमटीची वाटी उताराच्या जवळ न्यायची नाही
हा जुईचा नियम.

निळे ठोकळे संपले
तेव्हा नदी मधेच पांढरी झाली.
मी म्हणालो, खडक आहे.
ती म्हणाली, फेस आहे.
फेस ठरला.

मी वीज कंपनीतला माणूस, मीटरच्या आकड्यांवर जगणारा.
लढाई मला काय कळते.
पण गेल्या डिसेंबरात महिदपूरला
साडूच्या पुतण्याचं लग्न होतं, मुहूर्त लांबला,
म्हणून नदीपर्यंत चालत गेलो
तर काहीच नव्हतं.
हरभरा होता.
एक पंप होता, थ्री फेज,
आणि त्याचा मीटर बंद पडलेला.

इंदूरला परतल्यावर सियागंजातून ठोकळे आणले,
सुटे, वजनावर.
"भिया, बच्चे के लिए?"
मी हो म्हणालो.
माणसं मात्र नगावर मिळतात.
एक्केचाळीस घेतली.
त्यांत अग्निशामक सात, आचारी दोन,
आणि एक अंतराळवीर, ज्याचं हेल्मेट निघत नाही.
त्याला तोफखान्यात घेतला.
तिथे आवाज फार असतो.

पगड्यांना बायकोचं नेलपॉलिश पुरलं.
कातडीच्या रंगाचा प्रश्नच आला नाही,
पलीकडच्या फौजेतही निम्म्याहून जास्त इथलेच होते,
आणि डब्यातले तर सगळेच पिवळे.

घोडे चार. चारही उभेच.
पडलेला घोडा कुणी बनवतच नाही.
तो आम्ही तपकिरी ठोकळ्यांचा केला, आठ टेंगळांच्या.
मान जमेना,
म्हणून मान पाण्यात आहे असं धरलं.

एक अडचण मात्र सुटली नाही.
सगळे हसतात.
तोफेच्या तोंडी उभा तो हसतो,
पळणारा हसतो,
फेसात पाय अडकलेला, तोही.
जुई म्हणाली, पाठमोरे ठेवू.
एकेकाला फिरवत गेलो,
शेवटी कळेना
कोण कुणावर चालून जातंय.

रात्री पुस्तक काढलं.
आडवे किती ठेवायचे त्याला काही प्रमाण हवं ना.
त्यांचे: अंमलदार नावासकट, शिपाई आकड्यानिशी,
जखमी वेगळे,
घोडेसुद्धा वेगळे.
आपले: सुमारे तीन हजार.

सुमारे.

बंद मीटरला आम्ही असंच बिल लावतो.
मागचे तीन महिने बघून, सरासरी,
घरात कोण आहे, कोण गेलं
ते न विचारता.
सही माझीच असते.

"बाबा, चाळीसच आहेत."
जुई डबा मांडीवर घेऊन बसली होती.
म्हटलं, असेल गं कुठे, एखादा इकडेतिकडे...
"एखादा नाही.
ज्याच्या गालावर रंग सांडला होता, तो."

मग साडेअकरा वाजता फ्रिज ओढला.
गाद्या झटकल्या.
सोफ्याखालून झाडूने निघालं ते:
शेंगदाणे, एक रुपया, माझ्या पेनाचं टोपण,
दिवाळीतली पणती.
खंडेलवालांनी पलीकडून भिंतीवर दोनदा ठोकलं.
बायको उठून आली. मला वाटलं, आता ऐकायला मिळणार.
तिने मोबाइलचा टॉर्च लावला
आणि कपाटाखाली गाल टेकून बघत राहिली,
बराच वेळ.

नाही सापडला.

त्याच्या जागी दुसरा उभा करू द्यायला
जुई तयार नाही.
उताराच्या काठाशी दोन टेंगळं रिकामी आहेत,
आणि आमटीची वाटी
आता आम्ही आणखी थोडी अलीकडे ठेवतो.