जोड पक्का

तिलकवाडीत, दुसऱ्या गेटाजवळ
हुक्केरी डॉक्टरांचं बाथरूम फोडायला घेतलं सोमवारी.
गुलाबी टाइल्स, गुलाबी बेसिन, कमोडसुद्धा गुलाबी;
एके काळी म्हणे खानापूर-निपाणीहून
माणसं यायची बघायला,
चहा पिऊन, दारातनं डोकावून जायची.
आता तो रंग चालत नाही.
का चालत नाही ते आर्किटेक्ट बाईंनी सांगितलं इंग्रजीत,
डॉक्टरांनी मान हलवली कन्नडात,
मी मराठीत छिन्नी लावली.

माल आलाय बेंगळुरूहून, लाकडी पेट्यांतनं.
पेटीत फेस, फेसात मखमल, मखमलीत नळ.
ब्रश्ड गोल्ड.
म्हणजे सोनंच, पण लाजलेलं.
कमोड भिंतीला लटकणारा, बिनपायाचा,
माणूस जवळ आला की आपण होऊन झाकण उघडतो.
आमच्या मुतग्यात इतक्या लगबगीनं
पूर्वी फक्त धाकटी सून उठायची.

शॉवर छताएवढा. त्याला चार बटणं:
धुकं, रिमझिम, सर, आणि चौथं,
ज्याला बाई हात पसरून धबधबा म्हणाल्या.
मी गोकाकचा बघितलाय, भरलेला आणि आटलेला.
यातला कुठला, ते विचारलं नाही.

पाणी येतं आठव्या दिवशी, पहाटे तीनला,
राकसकोपला वाटलं तर.
नाहीतर शिवाप्पाचा टँकर.
"नीरु बंतु री!" असा तो गेटातनं ओरडला
की अख्खं घर उठून टाकीचं झाकण उघडायला पळतं.

भिंतीत पाच पाइप, पाच वॉल्व्ह;
बाहेर दिसणार एकच चकती, बशीएवढी.
कन्सील्ड म्हणतात त्याला.
माझं बत्तीस वर्षांचं काम कन्सील्डच आहे बा,
त्याला असं नाव आहे ते माहीत नव्हतं.

बुधवारी एक टाइल अख्खी निघाली,
मागच्या सिमेंटासकट,
आणि सिमेंटावर अक्षरं, उलटी, वर आलेली,
उद्यमबागेत साचा फोडल्यावर ओतीव निघतं तशी.
वाचता येईनात.
नवा आरसा होता भिंतीला टेकवलेला,
दिवेवाला, वाफ न धरणारा,
किंमत पोराच्या डिप्लोमाच्या एका वर्षाएवढी.
त्याच्यासमोर टाइल धरली.
त्या आरशानं आयुष्यात पहिलं काम केलं ते हे:
"कादर. ४-२-८७. जोड पक्का."

कादर मिस्त्री.
ताग किती गुंडाळायचा, सफेदा कुठं थांबवायचा
हे बोटांवर पाना मारून शिकवणारा.
सांगायचा, भरमा, नाव घालायचं खिळ्यानं,
टाइलच्या मागं,
आणि दुआ करायची कुणी वाचू नये.
कुणी वाचलं म्हणजे कुठंतरी गळलं.

जोडाला हात लावून बघितला.
कोरडा.
तेव्हापासनं आजपर्यंत एक थेंब नाही.
मग हे कशात धरायचं, उस्ताद?
तुझा हात चुकला नाही. रंग चुकला.

पाइप कापताना मशीन दोनदा बंद केलं.
हेल्पर पोरगं म्हणालं, काय झालं की?
म्हटलं, धूळ.

टाइल माझ्या पिशवीत आहे अजून.
कॅम्पात त्याची लेक असते, शाहीन. तिला द्यावी म्हणतो.
काय म्हणून द्यायची, ते ठरत नाही.

शनिवारी नवं बसवलं.
रात्रभर प्रेशर धरून ठेवलं, काटा हलला नाही.
बाईंनी फोटो काढले,
म्हणाल्या, पुढच्या वर्षीपासून काळा येतोय, मॅट.
टाइलवाले रविवारी.
त्याआधी ओल्या सिमेंटात खिळा टेकवला.
नाव घातलं. तारीख घातली. जोड पक्का.
खाली जागा उरली होती थोडी.
दुआ काही सुचेना,
म्हणून जो कोण असशील त्याला लिहिलं,
गच्चीवरचा कॉक आधी बंद कर.
मग फोड.