इतिहास: दोन ओळींत

नेरूळचं मैदान, रविवार, सकाळचे साडेसात.
दोऱ्यांनी आखलेल्या चौकटींत
एकेक गाडी मागं मागं घेत
मखरात बसवावी तशी बसवत होते.
आमचा नंबर एकोणचाळीस.
शेजारी कोपरखैरण्याच्या पोरानं जांभळी केलेली मारुती,
पोट जमिनीला टेकेल इतकी खाली आणलेली.
पलीकडे कुणा शेठची डॉज
आणि तिला पुसायला आलेली दोन माणसं.

आमची डुक्कर फियाट, एकसष्ट सालची.
स्टिअरिंगला गिअर, पुढची दारं उलटी उघडणारी.
बंपर कालच आला रबाळ्याहून, निकलवर क्रोम चढवून;
त्यात वाकून बघणाऱ्याचं तोंड रुंद व्हायचं,
सुखी दिसायचं.

लोक विचारायचे, हात लावू का?
मग न विचारताच सांगायचे:
आमच्या मामांची अशीच होती,
कल्याणहून वऱ्हाड आणलं हिच्यातून,
नऊ माणसं आणि एक पितळी घंगाळ.
एक बाई खिडकीतून डोकं आत घालून
नुसता वास घेऊन गेल्या.
काही बोलल्या नाहीत.

माइकवाला सांगत होता,
पूर्वी असले मेळे खाडीपलीकडेच भरायचे,
संस्थानिकांच्या गाड्या, हातमोजे घातलेले शोफर,
आपण कठड्याबाहेरून बघायचो.
कठडा अजून आहेच, म्हणाला, पण आज आत आपण.
टाळ्या पडल्या.

परीक्षक आले, छातीशी पुठ्ठा धरून.
आरसे मूळचे? हो.
दिवे? एक मूळचा.
हॉर्न?
होडीचा, म्हणालो.
तीन गुण गेले.
आणि हा इतिहासाचा रकाना कोरा का?

मी बापाकडे बघितलं.
पोशा मढवी, वय सत्त्याऐंशी,
छत्रीखाली, खुर्चीत, गाड्यांकडे पाठ करून
सकाळपासून काठीनं मातीत रेघा ओढत बसलेला.

दोन ओळींत काय लिहू?
की खाजण गेलं आणि पैसे आले,
त्या साली गावात कुणी ट्रक घेतला, कुणी सोनं,
कुणी नुसतीच दारू,
आणि बापानं ठाण्याला, चरईत जाऊन
एका पारशी डॉक्टरांची ही गाडी घेतली,
चालवता येत नसताना.
की दोन वर्षं ती अंगणातच उभी होती.
आई टपावर जवळा सुकत घालायची
आणि आत, काचा वर करून, भाताचं बियाणं ठेवायची.
पेरायला कुठंच नव्हतं ते.

शेवटी लिहिलं:
त्र्याहत्तरपासून मालक एकच.
रंग मूळचा नाही.

तेवढ्यात बापानं हाक मारली.
"गारी कयं लावलीस म्हायती हाय का?
तिसरे खाचरान."
मग काठीनं दाखवत गेला:
जांभळी मारुती बांधावर,
शेठची डॉज पाण्यात,
बक्षिसांचा मांडव चिंबोऱ्यांच्या बिळांवर.
ज्या जमिनीची ही किंमत
त्याच जमिनीत ही उभी,
दोरीच्या चौकटीत, सहा बाय चौदा फूट.
संध्याकाळपर्यंत तेवढी आमची.

बक्षीस डॉजला गेलं.
आम्हाला सहभागाचा बिल्ला
आणि उतरलेली बॅटरी.
धक्का मारायला जांभळीवाला पोर आला,
शेठची दोन माणसं आली,
परीक्षकांनी पुठ्ठा टपावर ठेवून खांदा लावला
आणि पुठ्ठा आमच्याबरोबरच थोडा पुढं आला.

फाटकाशी येताना
बाप काठी आपटून म्हणाला,
"हलू घे. उघारी हाय."
समोर सपाट डांबर.
मी गिअर खाली पाडून हळू घेतली.
तो काचेबाहेर वाकून
भरतीचं पाणी किती चढलंय
ते बघत होता.